जंताची गोळी देऊनही जंत परत येतात? आधी दिवस मोजा

गोळी देऊन महिनाही झाला नव्हता आणि चिंगीच्या काळ्या चादरीवर पुन्हा तांदळाचा दाणा. मोबाइलचा टॉर्च लावून मी खाली बसले. दाणा आधी आखडला, मग लांब झाला, मग परत आखडला. शेजारी दोन वाळलेले होते, पिवळट, तिळाएवढे. ते मी आठवडाभर तीळच समजून झाडत होते.

चिंगी आमची गावठी कुत्री, वय तीन. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी ठरलेली. तरी दाणे येतच राहिले, म्हणून मी एका वर्षात तीन कंपन्यांच्या गोळ्या बदलल्या. चौथी मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "गोळी दिल्यापासून किती दिवसांनी दिसले?" मला सांगता येईना. "पंधरा-वीस असतील, किंवा महिना." त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी दोन खुणा करायला लागले. गोळी दिली की गोल, दाणा दिसला की फुली. चार महिन्यांत फुल्या बोलायला लागल्या: बावीस, सव्वीस, तेवीस.

ही भानगड कुत्रं पाळणाऱ्या बऱ्याच घरांत आहे, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

गोळी म्हणजे लस नव्हे

माझा मूळ गैरसमज हाच होता. तीन महिन्यांची गोळी म्हणजे तीन महिने संरक्षण, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात जंताच्या बहुतेक गोळ्या त्या दिवशी आतड्यात जे आहे ते मारतात आणि एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातात. गोळीनंतर दोन दिवसांनी पोटात गेलेल्या नव्या जंताला त्या गोळीशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे "गोळी लागू पडली नाही" आणि "गोळी लागू पडली, पण जंत नव्याने आले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

दोन्हींतला फरक दिवसांवरून कळतो. जंत पोटात गेल्यापासून तो मोठा होऊन त्याची अंडी किंवा तुकडे शीतून बाहेर पडेपर्यंत ठरावीक काळ जातो, आणि प्रत्येक जंताचा तो काळ वेगळा असतो.

तीन-चार आठवड्यांत तांदळाचे दाणे: आधी पिसवा शोधा

हा पट्टकृमी. दाणा म्हणजे त्याच्या पट्टीचा सुटलेला शेवटचा तुकडा, आत अंड्यांच्या पुड्याच पुड्या. शेपटीखालच्या केसांना चिकटलेला, ताज्या शीवर वळवळणारा किंवा अंथरुणात वाळलेला सापडतो. ओला असताना काकडीच्या बीसारखा दिसतो.

आता महत्त्वाचं. हा जंत एका कुत्र्याच्या शीतून थेट दुसऱ्या कुत्र्याकडे जात नाही. वाळलेल्या तुकड्यातली अंडी पिसवांच्या अळ्या खातात. अळीची पिसू होते तेव्हा जंताचं पिल्लू तिच्या पोटात असतं. कुत्रं अंग चावताना ती पिसू गिळतं आणि साधारण तीन आठवड्यांत नवे दाणे बाहेर पडायला लागतात. माझे बावीस-सव्वीस दिवस त्यात चपखल बसत होते. गोळी दरवेळी नीट काम करत होती. आणि दरवेळी चिंगी दुसऱ्याच दिवशी नवी पिसू गिळत होती.

"पण आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीत." मीही हेच म्हणाले होते. तेव्हा डॉक्टरांनी चिंगीच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवली, फणीत आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर टाकली आणि थांबले. मिनिटभरात त्या काळ्या कणांभोवती तांबूस-लाल डाग पसरले. माती असती तर काळीच राहिली असती. हे पचलेलं रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. एकही जिवंत पिसू न दिसता पुरावा समोर. हे घरी जरूर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा जेमतेम वीसावा भाग. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात घरात असतं. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांवरून घरंगळून कुत्रं जिथे झोपतं तिथे पडतात. अळ्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या सोफ्याच्या फटीत, गादीखाली, फरशीच्या सांध्यात शिरतात. कोषावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि तो महिनोन् महिने तसाच पडून राहू शकतो. बंद घर उघडून आत पाऊल टाकलं की हादऱ्याने, उबेने त्यातून पिसवा उड्या मारत निघतात. मे महिन्यात गावाला जाऊन आल्यावर पायांना चावे का सुटतात, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

आम्ही केलं ते असं. प्राझिक्वांटेल (पट्टकृमीवरचं औषध) असलेली गोळी आणि पिसवांचं औषध एकाच दिवशी. पिसवांसाठी फ्लुरालानरची चघळायची गोळी दिली, ती एकदा दिली की बारा आठवडे चालते. अफोक्सोलानरची गोळी महिन्याची असते, फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर पहिल्या दोन गोळ्यांआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अंथरूण दर आठवड्याला कडक पाण्यात धुतलं आणि उन्हात टाकलं. सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने ओढल्या आणि आतली पिशवी लगेच बाहेर नेऊन टाकली. हे तीन महिने. एका महिन्यात पिसवा दिसेनाशा होतात आणि आपण सुटलो म्हणून हात आखडता घेतो, नेमक्या तेव्हा कोषातल्या बाहेर पडतात.

घरात मांजर असेल तर तिलाही पिसवांचं औषध हवंच, पण मांजराचं म्हणून मिळणारं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विषासारखं बाधतं, जीव जाऊ शकतो.

दोन-तीन आठवड्यांत परत, पण दाणे नाहीत

शी काळपट, डांबरासारखी चिकट. हिरड्या फिकट. कुत्रं मलूल, वजन धरत नाही. डोळ्यांना जंत काहीच दिसत नाही, पण तपासणीत अंडी सापडतात. हा बहुधा अंकुशकृमी, आतड्याला दात रोवून रक्त पिणारा. जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, म्हणून शीत सहसा नजरेला पडत नाही.

याची खोड न्यारी आहे. ओल्या, उबदार मातीत अंड्यातून अळी निघते आणि आठवड्याभरात ती कुत्र्याच्या पंजाच्या कातडीतूनही आत शिरायला तयार होते. आपला पावसाळा तिच्यासाठी बांधून दिल्यासारखा. आत गेलेल्या सगळ्याच अळ्या आतड्यात येत नाहीत. काही स्नायूंत जाऊन सुस्त पडून राहतात. तिथे नेहमीची गोळी पोचत नाही. आतड्यातले मोठे जंत गोळीने मेले, जागा रिकामी झाली, की स्नायूंतल्या अळ्या उठून आतड्यात येतात. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बाहेर न पडलेल्या कुत्र्यातही दोन-तीन आठवड्यांनी अंडी पुन्हा दिसू शकतात. बाहेरून काहीच आलेलं नसतं.

यावर गोळी बदलणं हा पहिला उपाय नव्हे. दर दोन आठवड्यांनी काही वेळा औषध आणि मध्ये मध्ये शीची तपासणी, असा कार्यक्रम डॉक्टर ठरवून देतात. औषध दिल्यावर दहा-चौदा दिवसांनी अंडी मोजली तर औषध चाललं की नाही ते थेट कळतं. औषधाला दाद न देणारे अंकुशकृमी असतात, अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत ते ठळकपणे सापडले आहेत. पण बाकीच्या शक्यता तपासल्याशिवाय तिथवर उडी मारू नका. मी पहिल्याच दिवशी मारली होती.

पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या, तर दिवस मोजत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा. अशा पिल्लाला गोळी पुरत नाही, कधी कधी रक्त चढवावं लागतं.

तीन महिने छान, मग पुन्हा

शीच्या शेवटी शेंबडासारखा बुळबुळीत पदार्थ, कधी ताज्या रक्ताची रेघ, दोन दिवस ठीक, मग परत तेच. हा चाबूककृमी असू शकतो. अंडं पोटात गेल्यापासून नवी अंडी बाहेर पडायला त्याला अकरा-बारा आठवडे लागतात. म्हणजे जंत आत असूनही दोन-अडीच महिने तपासणी स्वच्छ येऊ शकते. पायरँटेल हे जंतनाशक याला चालत नाही; फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल लागतं, आणि ते महिन्याच्या अंतराने तीनदा. याची अंडी मातीत काही वर्षं टिकतात. त्यामुळे कुत्रं रोज त्याच कोपऱ्यात बसत असेल तर त्या कोपऱ्यातली वरची माती काढणं हाही उपचाराचाच भाग.

पिल्लं

शेवयांसारखे लांब, पांढरे, गुंडाळी झालेले जंत म्हणजे गोलकृमी. लोकांना धक्का याचा बसतो की पिल्लू घराबाहेर पडलंही नाही, मग आले कुठून? आईकडून. तिच्या स्नायूंत दडलेल्या अळ्या गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात नाळेतून पिल्लांत उतरतात, नंतर दुधातूनही. तीन आठवड्यांचं पिल्लूसुद्धा अंडी टाकू शकतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. आईलाही पिल्लांबरोबरच द्यायचं, ती राहून जाते. गाभण कुत्रीला मात्र मनाने काही देऊ नका, काही औषधं त्या काळात चालत नाहीत.

मुळात गेलेच नव्हते

आता माझी दुसरी चूक. चिंगीला आणलं तेव्हा ती १४ किलोची होती. दहा किलोला एक या हिशोबाने दीड गोळी. तीच दीड गोळी मी दोन वर्षं देत राहिले. दवाखान्याच्या काट्यावर ती २१ भरली. घरी मोजायचं तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. (ही वजाबाकी मी घरात कुणाला करू देत नाही.)

औषध आणि जंत यांची जोडीही जुळायला हवी. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमीवर चालतं, पट्टकृमीला ते काही करत नाही. फेनबेंडाझोल पुष्कळ जंतांवर चालतं, पण पिसवांतून येणाऱ्या पट्टकृमीवर नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत काय छापलंय ते सोडा, मागच्या बाजूचे घटक वाचा. आणि प्राझिक्वांटेलने मेलेला पट्टकृमी बऱ्याचदा आतड्यातच पचून जातो. शीत काही दिसलं नाही म्हणजे गोळी वाया गेली असं नाही.

शाळेत मुलांना १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी कुत्र्याला देणारे लोक मला भेटलेत. नका देऊ. कुत्र्यांत तिने अस्थिमज्जेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत बाधतं. गोचिडांसाठी कुणी "एक सुई मारून टाकू" म्हणालं तर जात आणि मात्रा दोन्ही विचारा. लसूण तर अजिबात नको, कांद्या-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, हे माझ्या सासूबाईंना मी अजून पटवू शकलेले नाही.

ढुंगण घासत चालणं हे जंताचं लक्षण म्हणून सगळे सांगतात. बऱ्याचदा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात, त्या रिकाम्या केल्या की थांबतं.

आणि कधी कधी जंतच नसतो. पातळ, वास मारणारी, फिकट शी येत-जात राहते, जंताच्या गोळीने चार दिवस बरं वाटतं आणि परत सुरू होते, तेव्हा जिआर्डिया तपासा. हा एकपेशीय जीव आहे. फेनबेंडाझोल सलग तीन ते पाच दिवस दिलं तर तो मरतो, एका दिवसाच्या गोळीने फक्त दबतो. तो रोज शीतून पडत नाही, म्हणून एक नमुना स्वच्छ आला यावर विसंबू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्या. उपचाराच्या शेवटच्या दिवशी कुत्र्याला आंघोळ घाला, मागचा भाग नीट. केसांना चिकटलेलं तेच चाटून पुन्हा पोटात जातं.

शी कशी न्यायची

सुपारीएवढी, ताजी, स्वच्छ कोरड्या डबीत. मातीला टेकलेला भाग सोडून वरचा घ्या, नाहीतर मातीतले निरुपद्रवी जंत स्लाइडवर येऊन गोंधळ घालतात. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मिठाच्या दाट पाण्यात शी घोळली की अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. गोलकृमीचं अंडं गोल, जाड सालीचं, गडद. अंकुशकृमीचं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचे चार-आठ गोळे. चाबूककृमीचं तर दोन्ही टोकांना बुचं लावलेल्या लिंबासारखं, एकदा पाहिलं की विसरत नाही. पिसवांच्या पट्टकृमीची अंडी मात्र या तपासणीत वारंवार निसटतात, कारण ती तुकड्याच्या आतच बंद असतात. चिंगीचा अहवाल दोनदा "काही आढळलं नाही" असा आला होता. म्हणून दाणा दिसला तर तोच डबीत घालून न्या. आणि तुमचं कुत्रं शेळीच्या लेंड्या किंवा कोंबडीची विष्ठा खात असेल तर तेही सांगा. त्या प्राण्यांच्या जंतांची अंडी नुसती कुत्र्याच्या पोटातून जाताना दिसतात आणि नसलेल्या रोगावर उपचार सुरू होतो.

खालची मंडळी

चिंगीला पिसवा येत कुठून होत्या? पार्किंगमधून. आमच्या इमारतीखाली चार कुत्री झोपतात, आणि चिंगी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगावर लोळून येते. त्या चौघांना वगळून चिंगीवर उपचार करणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं.

खालच्या मजल्यावरचे काका त्यांना रोज खायला घालतात. मटणाच्या दुकानातलं उरलंसुरलं फुफ्फुस, काळीज, कच्चंच. हे मी त्यांना हात जोडून थांबवायला लावलं. शेळ्या-मेंढ्यांच्या फुफ्फुसात आणि यकृतात कधी कधी पाण्याने भरलेल्या गोट्या असतात. त्या कुत्र्याने खाल्ल्या तर त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा दुसराच एक पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला काही होत नाही, आपल्याला काही दिसत नाही. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात नाहीतर फुफ्फुसात तशीच गोटी वर्षानुवर्षं वाढते आणि ऑपरेशनची वेळ येते. आता काका सगळं नीट उकळून घालतात. जिथे कच्चं खाणं थांबवता येत नाही तिथे प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, पकडलेली भटकी कुत्री नसबंदी, जंतनाशक आणि लस देऊन त्याच भागात सोडावीत असं म्हटलं (रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून). जंतनाशकाचा उल्लेख वाचून मला बरं वाटलं. पण वर लिहिलंय तेच: ती एका दिवसाची गोळी. पुढची आपणच द्यायची.

मुलांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. गोलकृमीचं अंडं ताज्या शीत असताना बाधत नाही, मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर बाधतं. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर धोका तिथेच संपतो. फिनेलने ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात कुत्री बसतात आणि मुलं खेळतात, तो ढीग ताडपत्रीने झाका. पावसात त्या ओल्या मातीत अनवाणी फिरलं तर पायावर नागमोडी, खाजरी रेघ उठू शकते, ती अंकुशकृमीची अळी.

चौघांना गोळ्या द्यायला आम्ही रविवार सकाळ ठरवली. चपातीला तूप लावून आत गोळी, प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात, एकेकाजवळ एकेक माणूस. एकत्र टाकल्या तर दांडगा पांड्या दोघांच्या खातो. वजन अंदाजाने धरलं, थोडं वरच. काळीने चपाती खाऊन गोळी तेवढी स्कूटरच्या चाकामागे थुंकली. ती दुसऱ्यांदा उकडलेल्या काळजाच्या तुकड्यात गेली, आणि तिने गिळल्याची खात्री होईपर्यंत काका तिचा गळा कुरवाळत बसले.

कालनिर्णयवर शेवटचा गोल आहे त्याला आज ६८ दिवस झाले. फुली अजून नाही. कोषांचे तीन महिने भरायला बावीस दिवस बाकी आहेत, तोवर काळी चादर तीच ठेवणार आहे. तिच्यावर दाणा पटकन दिसतो.